शुद्ध प्रत

ऑटर शोल्स, टेनेसी. कोर्टाच्या टेपा माझ्याकडे उतरवायला येतात,
मिनिटाला दीड डॉलर.
सूचना छापील : अं, हं, अडखळणं, खोकला
गाळावे. शुद्ध प्रत पाठवावी.

टेप सात. लॉयस टिप्टन, वय त्रेपन्न, ट्रक ड्रायव्हर.
बांध फुटला त्या पहाटे, म्हणतो,
वीजकेंद्राची पन्नास वर्षांची राख
गाळ होऊन खाली आली, फारसा आवाजही न करता.
शेजारच्यांचं घर जागचं हललं, रस्ता ओलांडून गेलं,
स्वयंपाकघरातला दिवा तसाच चालू.

मग चार वर्षं तीच राख भरली त्याने,
बारा-बारा तास.
मास्क मागितला तर मुकादम म्हणाला,
इथून शाळेची बस जाते, पोरं घाबरतील.
(खोकला, सोळा सेकंद.)
घरी आला की नेल्डा त्याला मागच्या पायरीवरच थांबवायची,
नळी लावून बूट धुवायची.
पाणी वाफ्यात.
टोमॅटो काय आले होते त्या वर्षी!
हे ती मागून सांगते, माइकपासून लांब.

आमच्या मोरीत राखेचं डबडं असे.
नारळाची शेंडी, चिमूटभर राख,
पितळेत तोंड दिसायचं.
ताप आला की कपाळाला अंगारा.
राखेने स्वच्छ होतं, एवढंच मला ठाऊक.
ह्या राखेला दुसरा शब्द शोधतेय,
सापडत नाही.

कंपनीचा वकील विचारतो, दिवसाला किती सिगारेटी?
एकही (खोकला) एकही (खोकला) नाही.
गाळलं तर उरतं : एकही नाही.
ठणठणीत माणसाचं उत्तर.
मी गाळलं नाही.
ऑफिसातून दोनदा ईमेल आली.

टेप अकरापासून त्याची वाक्यं नेल्डाच पुरी करते,
कधी कधी चुकीची. तो "नाही गं" म्हणतो,
आणि पुढे तिलाच बोलू देतो.

टेप चौदा. एकटी ती.
प्रश्न येतो. ती उत्तर द्यायला तोंड उघडते,
ओठांचा आवाज ऐकू येतो, आणि थांबते,
सवयीने,
त्याचं खोकून होईपर्यंत.

नऊ सेकंद.
शांततेबद्दल सूचनांत काही नाही.
मी लिहिलं : लॉयस टिप्टन, नऊ सेकंद.
दीड डॉलरच्या हिशेबाने साडेबावीस सेंट होतात.
ते बिलात लावले नाहीत.