पेच

हामरफेस्टच्या इस्पितळात त्या दिवशी दोन मनगटं आली.
सकाळी आयविंदचं, सव्वीस वर्षांचं,
स्नो-स्कूटरवरून उडालेलं.
दुपारी टोरब्योर्गबाईंचं, बहात्तर वर्षांचं,
टपालपेटीपाशी घसरलेलं,
घराच्या दारापासून चौदा पावलांवर.
पावलं त्यांनीच मोजली होती. नंतर.

पट्टी एकाच डब्यातली, टायटॅनियमची.
पेच तेच. हात माझेच.
आयविंदच्या हाडात पेच शिरताना
शेवटच्या वेढ्याला करकरला,
मुरलेल्या लाकडात करकरावा तसा,
आणि थांबला.
बाईंच्या हाडात तो फिरतच राहिला.
ओल्या खडूत फिरावा तसा,
किंवा वाळवीने पोखरलेल्या चौकटीत,
जिचा बाहेरून रंग मात्र नवाकोरा.
गुन्वोर सिस्टरने मास्कवरून माझ्याकडे पाहिलं.
मी आणखी दोन पेच मागितले
आणि आवाज नेहमीसारखा ठेवला.

एक्स-रे दोघांचेही देखणे आले.

सहा आठवड्यांनी आयविंदने हात मिळवला
तर माझीच बोटं दुखली.
बाईंची फट तेव्हाही धूसर.
बाराव्या आठवड्यात एक पेच
मिलिमीटरभर मागे सरकलेला,
मनगट जरासं कललेलं.
मूठ वळते, किल्ली फिरत नाही.
तळहात आभाळाकडे होत नाही;
दुकानात सुटे पैसे डाव्या हातात घेते, म्हणाल्या.

मी समजावू लागलो:
घनता, आतली जाळी, पाळी गेल्यानंतरची वर्षं,
आठवड्याला एक गोळी, उपाशीपोटी...
"एकोणचाळीस वर्षं कारखान्यात कॉड सोललाय मी.
हाडाचं मला शिकवू नकोस, पोरा.
अंडी टाकून आलेली मासळी सुरीलाच कळते.
आत काय सापडलं, तेवढं सांग."

मी सांगितलं. खडूचं.
जास्तीच्या दोन पेचांचं.
त्या सिस्टरच्या नजरेचंही, का कोण जाणे.

बाई मनगटाकडे बघत राहिल्या,
घरातल्याच कुणीतरी वर्षानुवर्षं
काहीतरी लपवल्याचं कळावं तशा.
सूर्य परतून तीन आठवडे झाले होते;
त्याचा एक तिरपा पट्टा
टेबलावर, त्यांच्या हातमोज्यांवर.
"पडद्याचा वरचा आकडा," त्या म्हणाल्या,
"दोन वर्षांपूर्वीच हाताला पुरेनासा झाला होता.
मला वाटलं, सुनेने दांडा वर ठोकला.
भांडले तिच्याशी. ऐन नाताळात."

हल्ली पडून आलेल्या प्रत्येकीला
मी आधी पडद्याचं विचारतो.
गुन्वोर हसते. हसू दे.

निघताना बाईंनी दाराची मूठ
उजव्याच हाताने धरली. फिरेना.
मी खुर्चीतून अर्धा उठलो.
त्यांनी कोपर उचललं, खांदा उचलला,
अख्ख्या अंगानेच वळल्या
आणि दार उघडलं.
"सुनेला फोन करायचाय," म्हणाल्या,
मला नव्हे, बहुधा.