विंगेतून

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या विंगेत
एका हातात टॉर्च, मांडीवर टाइप केलेली वही,
असा मी बसायचो. नाटक इंग्रजी. अर्धं कळायचं नाही.
पण वाक्य कुठे अडणार ते कळायचं.
त्याला भाषा लागत नाही,
समोरच्याचा श्वास ऐकू यावा लागतो.

नोरीन वॉटकिन्स, मेल ड्रायव्हर वॉटकिन्सची थोरली,
तीन अंकांत तिला एकच काम:
दार उघडायचं, म्हणायचं, 'गाडी दाराशी उभी आहे, मॅडम.'
आणि लोको शेडचे फोरमन, बायकांसकट,
खरंच मागे वळून बघायचे.
तिला मी कधी प्रॉम्प्ट केलं नाही.
टॉर्च मात्र तिच्या वाक्यावर धरून ठेवायचो.

बासष्ट साली वॉटकिन्सनी क्वार्टर सोडलं.
गेंदाबाईनं, त्यांच्या आयानं,
ट्रंकेत कपड्यांखाली कळण्याचे पापड दडवले.
बोटीवर त्यांचा चुरा झाला. तोही खाल्ला,
असं पहिल्या पत्रात होतं.

दुसऱ्या पत्रात: मी आता इथलीच.
कार्यक्रमपत्रिकेत जन्मगाव केंट छापलंय.
रंगाचं कुणी विचारलं तर सांगते,
सुट्टीत ऊन लागलं.
मी हसलो. पंचेचाळीस डिग्रीत
भुसावळला सुट्टीवर कोण येतं?
मग बराच वेळ हसलो नाही.

टीव्हीवर ती नर्स झाली.
शेजारीण झाली, पोस्टातली बाई, परत नर्स.
एकदा प्रेत. 'पडून राहायचे पैसे
बोलण्यापेक्षा कमी,' तिनं लिहिलं,
'आणि शिंक आली तर तेही कापतात.'
नाटकात नऊ वर्षं ती
एका मोठ्या नटीची राखीव होती.
सगळे संवाद पाठ, पोशाख मापाचा,
आणि त्या बाईची तब्येत घोड्यासारखी.
'रोज रात्री देवाकडे मागते,
तिला थोडा ताप येऊ दे.
मग माफी मागते. मग परत मागते.'

शेवटी दाढ दुखली. ताप नाही, दाढ.
नोरीन उभी राहिली त्या मोठ्या उजेडात,
आणि दुसऱ्या अंकात, मुलाचं पत्र हातात,
सगळं कोरं.
विंगेत पोरगा नवा होता, पानं उलटत बसला.
(मी असतो तर. पण मी तेव्हा खंडव्याच्या गाडीत
तिकिटं तपासत होतो.)
तिच्या तोंडून निघालं,
'आते काय करू व माय, इसरी गऊ ना मी.'

सातशे माणसं गप्प. मग टाळ्या.
पेपरात आलं म्हणे: दुःखानं शब्द हरवलेल्या आईचे
ते अस्फुट, अर्थापलीकडचे उद्गार.
कात्रण पाकिटात होतं.
मी गेंदाबाईला ओट्यावर वाचून दाखवलं,
एकेक शब्द मराठीत करून.
ती वांगी भाजत होती भरताची.
साल काढता काढता म्हणाली,
'मंग! बरोबरच बोलनी ना पोर.'

त्यानंतर ती मोठी नटी
पुढचे सगळे प्रयोग दाढ धरून करत राहिली.
नोरीन परत खुर्चीत. परत नर्स.
पत्रं सत्त्याण्णवपर्यंत आली.

इन्स्टिट्यूटमध्ये आता लग्नं लागतात.
परवा नातीनं मोबाइलवर काहीतरी शोधलं,
जुनी मालिका, काळीपांढरी, भुरभुरती.
'आजोबा, हीच का?'
पडदा सारून एक नर्स आत येते.
चार सेकंद. खांद्यापासून वर.
ती तोंड उघडायच्या आत
माझ्या तोंडून निघून गेलं,
'डॉक्टर निघालेत.'

आणि तिनं तेच म्हटलं.
नात माझ्याकडे बघत राहिली.
मी म्हटलं, जरा मागे घे,
परत लाव.