तळातून निघणारी तोटी

ओव्हनमधून बीफ निघालं, फॉइलखाली निजलं.
मग आईनं ट्रे तिरका धरला
आणि बुडाला साचलेलं सगळं
काचेच्या जगात ओतलं.
तांबूस, काळसर, गढूळ.

हा जग वेगळा आहे.
तोटी त्याच्या तोंडाशी नाही, बुडाशी फुटते,
झारीसारखी वाकून वर येते.
चरबी तरंगत राहते,
तोटी खालचा रस तेवढा उचलते.
बाबांनी तो लीड्सच्या बाजारातून आणला
चहाचा समजून.
पहिल्याच दिवशी पत्ती तोटीत ठाण मांडून बसली,
आईनं विणायच्या सुईनं भोसकून काढली.
पुन्हा बाबा भांडी आणायला गेले नाहीत.

यंदा आईच्या नजरेच्या मधोमध
एक डाग बसलाय.
कडा दिसतात, मधलं जातं.
माणूस येतो तो खांदे आणि बूट घेऊन,
चेहरा दारातच ठेवून.
"कीथ, रेघ कुठवर आलीय सांग."

मी वाकून बघतो.
खरं तर माझी नोकरीच ही.
ॲबर्डीनहून हेलिकॉप्टरनं जायचं,
समुद्रात लोखंडी पायांवर गाव उभं आहे,
तिथं बारा बारा तास एका टाकीवर नजर:
तेल वर, पाणी खाली, मधे रेघ.
रेघ हलली की झडप फिरवायची.
टाकी या घरापेक्षा मोठी. पगारही.
थेल्मा म्हणते, आईला एकटं टाकून
हा समुद्राची चरबी काढायला गेला.
थेल्मा तीन गल्ल्या पलीकडे राहते,
तिला बोलायचा हक्क आहे.

"बसली का?"
"अजून गढूळ आहे."
"मग थांबू."

खिडकीवर वाफ. बटाटे तडतडतायत.
जगात थेंब थेंबाला शोधत वर जातात,
एकमेकांत शिरतात,
आणि वरती हळूहळू
दोन बोटं जाड, पिवळा, नितळ थर धरतो.
खाली रस, कडक चहाच्या रंगाचा.
या तीन मिनिटांत मला सांगायचं होतं
की मार्चपासून मी नॉर्वेला जातोय.
वाक्य पार खालून निघालं होतं.
पण माझी तोटी बहुतेक तोंडाशीच आहे,
वरवरचं तेवढं सांडलं:
"बर्फ पडेलसं वाटतंय."

"पडू दे. रेघ?"
"मधोमध."
"मधलंच तर मला दिसत नाही," म्हणाली, हसली,
आणि जग उचलला.

कढईत पीठ खरपूस होऊन वाट बघत होतं.
रसाची धार पडली, चर्र झालं.
मी रेघेवरची नजर काढून
तिच्या मनगटाकडे बघत बसलो.
घड्याळ सैल झालंय,
पट्ट्याची भोकं संपलीत.
पिवळं तोटीच्या वळणात शिरलं,
मी "थांब" म्हणायला तोंड उघडलं,
तोवर हात थांबला होता.
चरबीची एकच टिकली रश्श्यावर तरंगली.

"कसं कळलं?"
"आवाज जाड होतो."
"मग मला कशाला विचारत होतीस?"
तिनं पळी फिरवायला घेतली.
"बटाटे काढ. जळतील."

सोमवारी सकाळी
वाडग्यात चरबी गोठली होती, मेणासारखी,
आणि तिच्याखाली, कितीही निगुतीनं ओतलं तरी
चुकार राहिलेला रस,
थरथरती तपकिरी जेली.
आईनं सुरी तळापर्यंत खुपसली,
दोन्ही एकाच पावाला फासलं,
वर मीठ.
"तुझे बाबा हेच खाऊन खाणीवर जायचे."
मी खाली मान घालून चावत होतो.
"नॉर्वेत मिळतं का असलं काही?"

थेल्माला मीच सांगितलं होतं, ख्रिसमसला.

टॅक्सीची चाहूल तिला आधी लागली.
बाहेर बर्फबिर्फ काही पडला नव्हता.