शेवटची साखळी

मोतीमहालातल्या नकाशाखान्यात, खिडकीपाशी,
सत्तावीस वर्षं मी पाणी काढलं.
म्हणजे रेघ. निळ्या शाईची,
ट्रेसिंगच्या कापडावर, श्वास रोखून.
हात हलला की कालवा वाकतो,
तुंगारे साहेब म्हणायचे,
आणि वाकला की कुणाचं तरी शेत खाली येतं.

उतार पाच हजाराला एक.
डोळ्याला सपाटच.
पाण्याला मात्र कळतो.

बाहेर ग्वाल्हेरचा मे महिना,
लू वाळ्याच्या ताट्यांवर धडकायची.
शाई निबावरच सुकायची,
मी दौतीत थेंब थेंब पाणी घालायचे,
माठातलं. नळ सकाळी अर्धा तास.

रद्द झालेले नकाशे आम्हां बायकांना मिळत.
आत तलम मलमल असते, वर नुसती खळ;
गरम पाण्यात रात्रभर ठेवलं की सुटते.
साखळी चारशे दहा ते चारशे चाळीस,
पिपरौआ शाखेचं शेपूट,
मी घरी नेलं, बादलीत बुडवलं.
सकाळी बादली निळी.
भाच्याची दोन झबली झाली,
एकाच्या काखेत आकडा राहिला, पुसट:
१९८.४०
पूर्ण भरल्यावरची पातळी.

निवृत्तीनंतर गेले एकदा. बसनं, मग ट्रॅक्टरवर.
कालवा होता.
माझ्या रेघेइतका सरळ, खरंच.
तळाला भेगा, बाभळीची रोपं, एक चप्पल.
वरच्या गावांनी कुलाबे फोडलेले;
त्यांना तरी काय म्हणू,
त्यांची सरसों हिरवीगार होती
आणि मी त्यांचाच चहा पिऊन आले होते.

शेवटच्या साखळीवर मोजपट्टी, लाल-पांढरी.
पट्टीपाशी रामसनेही, बगलेत रजिस्टर.
रोज सकाळी आठला येतो,
वाकून पाहतो,
लिहितो: शून्य.
अकरा वर्षं.
अक्षर माझ्यापेक्षा सुबक.

कधीच नाही आलं?
"एक बेर आओ हतो, बाईसाब. रात में."
सकाळी नुसती ओल होती.
किती लिहू म्हणून त्यानं वर फोन केला,
तर म्हणाले,
ओलीसाठी रकाना नाही.

पट्टीवर कोळशाच्या खुणा दिसल्या,
पाणी कधी चढलं नाही तिथवर.
शेजारी नावं. दिवारी. छोटेलाल. गुड्डन, दोनदा.
"मोड़ा-मोड़ी हैं," तो म्हणाला,
दर होळीला उभं करून मोजतो,
आणि जरा ओशाळला,
पट्टी सरकारी ना.

मी पर्समधून पेन काढलं,
वाकले,
आणि सवयीनं श्वास रोखून
गुड्डनची पुसट झालेली रेघ
सरळ केली.