हयातीचा दाखला

सत्तेचाळिसाव्या मिनिटाला खेळ मरतो.
कधी शेहेचाळीस, एकदा एकावन्न,
पण मरतो. पडदा काळा, आतला पंखा घरघरत राहतो
आणि शाल्मली खुर्चीत मागे रेलून म्हणते, "बाबा, गेला."

मला कोड कळत नाही.
चौतीस वर्षं एजी ऑफिसात पेन्शनच्या फायली तपासल्या,
म्हणून तिने मला आकडे उतरवायला बसवलंय:
दर पाच मिनिटांनी खेळाने किती मेमरी घेतली.
जुन्या कॅशबुकाच्या कोऱ्या पानांवर मी रकाने आखले.
आठशे दहा. नऊशे साठ. अकराशे पाच.
वर 'गळती' असा मथळा लिही म्हणाली.
गळती कसली? थेंबभर बाहेर जात नाही.
घेतलेलं कोणी परत करत नाही, एवढंच.
आमच्याकडे याला उचल म्हणत.

चिटणीस की गोठ, मे महिना, कूलरची टाकी कोरडी.
आधी संशय लूवर घेतला.
तिने डबा उघडून ब्रशने धूळ काढली,
रॅमची पट्टी खोडरबराने घासली,
ड्रायव्हर जुना घातला, मग नवा.
फालका बाजारातला म्हणाला, "पावर सप्लाय बदलवा लो, दीदी."
बदलला.
सत्तेचाळीस.

खेळात एक पहारेकरी आहे.
कंदील घेऊन तटावरून फिरतो आणि पावलागणिक
कबुतरं उडतात. फार सुरेख उडतात.
पडद्याच्या कडेशी जाऊन दिसेनाशी होतात.

"मग पुढे कुठे जातात?"
"कुठे म्हणजे? गेली."
"गेली, हे कोणी लिहिलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली.
साडेतीन हजार कबुतरं निघाली.
जिथे किल्ला नाही, आकाश नाही, अशा काळोखात
पंख हलवत, सगळी एकाच दिशेला,
प्रत्येकाचा खर्च चालू.
दतियाचे एक मास्तर आठवले. मेल्यावर अकरा वर्षं
त्यांची पेन्शन निघत होती;
कळवायला घरी कोणी नव्हतं.

तिने एक ओळ घातली: कडेबाहेर गेलं की संपव.
खेळ तिसऱ्याच मिनिटाला मेला.

रात्री बाराला सापडलं. कबूतर संपलं होतं,
सावली अजून तटावर होती
आणि विचारत होती, आता कुठे पडू?
त्या एका प्रश्नात सगळं कोसळलं.

हेही मी पाहिलंय.
खिडकीशी अनंतराव बिवलकर, हातात टोपी:
"साहेब, मी वारलो असं तुमच्या कागदावर आहे."
खाली सही माझीच.
त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार?
दुरुस्तीला चौदा महिने लागले, बहुतेक त्यांना पुरले नाहीत.

शाल्मलीला हे सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, "आधी सावलीला विचार, मग खातं बंद कर."

आता ती झोपलीय. पुढे जायच्या बटणावर
अडकित्ता ठेवलाय, पहारेकरी एकटाच चालतोय.
आठशे वीस. आठशे अठरा. आठशे वीस.
एक तास. दोन.
इतका स्थिर आकडा नोकरीत कधी पाहिला नाही,
म्हणून संशय येतो.

तीन दहाला गोठीतली वीज गेली.
टॉर्च दातात धरून शेरा लिहिला:
वीजपुरवठा खंडित. दोष खेळाचा नाही.
सही केली.
तारीख कालची की आजची, यावर जरा अडलो.