धर्मकाटा, पावती क्रमांक ४४१७

नाव सुलभा रामनाथ मोजाड. राहणार भगूर.
आडगाव नाक्यापुढच्या धर्मकाट्यावर
अकरा वर्षं रात्रपाळी.
हे मी आयोगापुढे सांगितलं,
गोल्फ क्लबजवळच्या विश्रामगृहात,
जिथे पंखा एका पात्यावर लंगडत होता
आणि साहेबांनी मला बसा म्हटलं नाही.
विसरले असतील.

गाडी रात्री सव्वादोनला आली.
चाळीस फुटी थंड कंटेनर, कागदावर द्राक्षं.
भाद्रपद होता, साहेब.
भाद्रपदात नाशकातली द्राक्षं
फक्त दुकानांच्या पाट्यांवर असतात.
गोडी छाटणीसुद्धा व्हायची होती.
आणि कंटेनरचं यंत्र बंद,
घरघर नाही, खाली पाणी ठिबकत नाही.
ड्रायव्हर यासीन अत्तार चहा फुंकत म्हणाला,
ताई, हा माल उन्हात ठेवला तरी नासायचा नाही.
हसला नाही.

कागदावर अठरा टन.
काट्यावर, रिकामी गाडी वजा जाता, सत्तावीस.
मी दोनदा घेतलं. गाडी मागे, गाडी पुढे.
काटा गेल्याच महिन्यात वजनमापवाल्यांनी
तपासून शिक्का मारलेला.

मग मालकांना फोन आला.
हांडगे शेठ जेवण झालं की
चपला काढून बाकावर आडवे होतात.
फोनवर ते आधी उठून बसले,
मग उभे राहिले,
मग त्यांनी चपला घातल्या.
एवढं मी पाहिलं. पलीकडचा आवाज ऐकला नाही.
पण माणूस मध्यरात्री कुणासाठी चपला घालतो
हे काय शपथेवर सांगावं लागतं?

अठरा लिही, म्हणाले.
मी लिहिलं.
हे कुणी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं.
माझ्याच अक्षरात लिहिलं,
आठाचं शेपूट जरा लांबलं, इतकंच.

पुढचं पेपरात आलं, ते तुम्हीही वाचलंय.
ज्या देशाला हत्यारं द्यायची नाहीत
असं भर सभागृहात छातीवर हात ठेवून सांगितलं,
त्याच देशाला.
फाइलीवर हिरव्या शाईत शेरा होता:
तपासणीची आवश्यकता नाही, तोंडी आदेशानुसार.
तोंड कुणाचं, ते लिहिलेलं नव्हतं.
त्या फाइलीत पान तेविसानंतर एकदम पंचवीस.
सचिव म्हणाले, क्रमांक घालताना चूक झाली.
यासीन अत्तार यांना समन्स काढलं,
दिलेल्या पत्त्यावर आढळून आले नाहीत.

मशीनची पावती मी जपली होती
विम्याच्या पाकिटात, मंगळसूत्राच्या बिलाशेजारी.
ती दिली.
साहेबांनी चष्मा कपाळावर नेला,
पावती उजेडाला धरली, उलटी केली.
कोरी.
तो कागदच तसा असतो, साहेब, उष्णतेनं उमटतो,
दोन-तीन उन्हाळ्यांत उडून जातो.
आयोग बसायलाच तीन लागले.
लेखनिकानं टाइप केलं:
साक्षीदाराने एक कोरा कागद सादर केला.
मी सही केली. खोटं काय होतं त्यात?

आम्हा भगूरकरांना तोफेचं अप्रूप नाही.
देवळालीच्या रेंजवर बार झाला की
मांडणीतली पातेली किणकिणायची,
आई म्हणायची, सराव चाललाय, तू जेव.
ते सत्तावीस टन जिथे उतरले
तिथल्या आया काय म्हणत असतील
मला माहीत नाही. ते विचारलंही नाही कुणी.

हल्ली गाड्या नसल्या की
मीच जाऊन काट्यावर उभी राहते.
पंचावन्न दाखवतो.
तो पाचाच्या पटीत मोजतो, ट्रकसाठी केलेला आहे,
पाच किलोंच्या आतबाहेरचं त्याला कळत नाही.
परवा जावेची सून बाळंत होऊन घरी निघाली,
नाक्यावर रिक्षा थांबवून तिनं पोर माझ्या हातात दिलं.
नऊ दिवसांचं. डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या.
का कोण जाणे, मी त्याला घेऊन काट्यावर चढले
आणि खिडकीतून आतला आकडा पाहिला.
पंचावन्नच.