अठराचा पाढा

दर रविवारी, हडर्सफील्डला अजून अंधार असताना,
मिरजेहून हेमाताईचा फोन येतो.
आधी हवा, मग गुडघे, मग साखर.
"उपाशीपोटी एकशे चव्वेचाळीस," ती सांगते,
नापास विषयासारखं, आवाज खाली घेऊन.
मी म्हणतो, "माझी आठ."
"आठ? आठ म्हणजे काहीच नाही रे.
तुमच्याकडे साखरसुद्धा पौंडात मोजतात वाटतं."

अठराने गुण, मी म्हटलं.
क्षणभर लाइनवर नुसती खरखर,
मग अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या तोंडून
चौथीच्या वर्गाचा हेल:
अठरा चोक बहात्तर
अठरा पंचे नव्वद
अठरा सक अष्टोदरसे
अठरा साते सव्वीसासे
अठरा आठे...
तिथे ती थांबली.
"म्हणजे तुझी आणि माझी सारखीच की."

जेवणाआधी चार ते सात,
पाढ्यातल्या एवढ्याच चार ओळींत राहायचं.
जेवल्यावर दोन तासांनी साडेआठपर्यंत माफी.
हे बर्नाडेट नर्सने शिकवलं,
तिची आई ग्रेनाडाहून इथल्या गिरणीत आलेली.
ती मोजे काढायला लावते,
बारीक तार तळव्याला टेकवून विचारते, इथे? आणि इथे?
मी डोळे मिटून हो म्हणतो.
एकदा तिने न टेकवताच विचारलं
आणि मी हो म्हणालो.
ती काही बोलली नाही. लिहून घेतलं.

आमचे दादा कोल्हापुरात गूळ बाजारात मापाडी.
ढेपेला नुसता हात लावून वजन सांगत,
अदमास पावशेरानेही चुकत नसे.
त्यांच्या पायाची जखम सहा महिने भरली नाही.
कुणी म्हणालं चप्पल लागली, कुणी म्हणालं नजर.
आकडा त्यांना कुणी सांगितलाच नाही.

मी पोळ्या तीनच्या दोन केल्या, भात वाटीभर,
आणि जेवण झालं की चढ चढतो.
हे गाव म्हणजे सगळा चढच.
वरच्या बस स्टॉपपर्यंत जाऊन आलो
की साडेनवाची साडेसात होते, कधी होतही नाही.
औषधांच्या यादीत ही टेकडी लिहायला हवी.

फेब्रुवारीत एकदा गोळी घेतली आणि जेवण राहिलं,
गोदामात रात्रपाळीला माणूस कमी होता.
परतताना घाम. त्या थंडीत घाम.
किल्लीला कुलूप सापडेना.
पायरीवर बसून बोट टोचलं: तीन पॉइंट एक.
अठरा त्रिक...
अठरा त्रिक...
पुढचं आलंच नाही.

शेजारच्या डोरीनबाईंनी गाउनवरच दार उघडलं,
चहात चार चमचे साखर घातली
आणि पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत
माझा कोपर धरून बसल्या.
परत टोचलं. चार पॉइंट सहा.
मग टोस्ट, तोही त्यांनीच भाजलेला, करपलेला.
"चोपन्न," मी एकदम मोठ्याने म्हणालो.
त्यांना वाटलं वय सांगतोय.
"दिसत नाहीस हं," त्या म्हणाल्या.
मी त्रेसष्टचा आहे. दुरुस्त केलं नाही.

आज ताईची एकशे बारा.
भागताना मी अडखळलो:
सहा, आणि वर चार उरतात.
"पाढ्यात पॉइंट कुठे होते आपल्या," ती म्हणाली,
"पण दादांना येत होतं ना सगळं,
पावकी, निमकी, सवायकी..."
आणि मग मला ते ऐकू आलं,
त्यांच्या आवाजात, काट्याकडे न बघता:
सव्वासहा.

"सव्वासहा," मी म्हणालो.
"असेल," ताई म्हणाली. "चल ठेवते,
कुकरची तिसरी झाली."